वृद्ध आईबापांस परक्या हाती सोपवावे काय?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न अलीकडे वारंवार उठत आहे. पण उपासनेनंतर चारचौघांत तो कोणी मोठ्याने विचारीत नाही. प्रश्न असा की, घरातील म्हातारे माणूस अंथरुणास खिळले, त्याची स्मृती गेली, किंवा त्याच्याजवळ रात्री राहावयास कोणीच उरले नाही, तर त्यास वृद्धाश्रमात ठेवणे पाप होय की नाही? आणि पाप नसेल, तर तो आश्रम निवडावा कसा? जे हा प्रश्न विचारतात ते बहुधा निर्दय नसतात. निर्दय मनुष्य विचारीत बसत नाही. तो करून मोकळा होतो. ज्याच्या मनास टोचणी आहे तोच विचारतो, आणि शेजाऱ्यांच्या जिभेच्या भयाने तोही हळू आवाजात विचारतो. यास्तव या विषयाचा येथे उघडपणे विचार करावा असे आम्हांस वाटते.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात हिवरा नावाचे गाव आहे. तेथे शुकदास महाराजांनी विवेकानंद आश्रम स्थापिला, आणि रुग्णसेवेमुळे त्या आश्रमाचे नाव इतके पसरले की, गावच हिवरा आश्रम या नावाने ओळखले जाऊ लागले. महाराज २०१७ साली निवर्तले. गावाच्या नावास जोडलेला शब्द मात्र राहिला. आम्ही या गावाचे नाव येथे घेतो ते त्या शब्दाकरिता. एक गाव ‘आश्रम’ हा शब्द अभिमानाने आपल्या नावात धारण करिते; आणि तोच शब्द ‘वृद्ध’ या शब्दास जोडला म्हणजे आसपासच्या साऱ्या मुलखातील माणसे मान खाली घालतात. असे का व्हावे? लोकांच्या बोलण्यात आश्रम म्हणजे आसऱ्याचे ठिकाण. आमच्या हिंदू बांधवांच्या प्राचीन ग्रंथांत आयुष्याच्या चार भागांसही आश्रमच म्हटले आहे, आणि त्यांतील तिसरा, वानप्रस्थ, हा घर सोडण्याचाच होय. पण वानप्रस्थी मनुष्य आपण होऊन घराबाहेर पडे. वृद्धाश्रमात म्हातारा आपण होऊन जातोच असे नाही. बहुधा त्यास नेले जाते. लाज वाटते ती या भेदामुळे. जावे की राहावे हे कोणी ठरविले, हा या सर्व प्रश्नाचा एक मोठा भाग होय, आणि त्याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

प्रथम आजची स्थिती पाहू. या भागातील शेती बहुतांशी कोरडवाहू. सोयाबीन व कापूस यांवर एका वावरात दोन भावांचे संसार चालत नाहीत. एक मुलगा पुण्यास जातो, दुसरा मुंबईस किंवा छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या कारखान्यात. मुली सासरी असतात. मागे दोन म्हातारी माणसे उरतात, आणि पुढे एकच. २०११ सालच्या खानेसुमारीत साठ वर्षांवरील माणसे भारतात सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरली; महाराष्ट्रात तर दर शंभर माणसांत सुमारे दहा वृद्ध होती. दुसरीही एक गोष्ट घडली आहे. पूर्वी लकवा मारलेले म्हातारे माणूस बहुधा थोड्या दिवसांतच जाई. आता औषधांच्या योगाने ते पाच-दहा वर्षेही जगते. ही देवाची कृपाच होय. तथापि जी सेवा पूर्वी काही महिन्यांची होती ती आता वर्षानुवर्षांची झाली आहे, आणि ती करणारे हात घरात कमी झाले आहेत. हे ध्यानात न घेता जो कोणी उपदेश करील त्याचा उपदेश ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडणार नाही.

या प्रश्नावर आमच्या लोकांत दोन मते आढळतात. पहिले मत असे की, आईबापांस घराबाहेर ठेवणे हे कोणत्याही स्थितीत पापच होय. या मताच्या मागे मोठे बळ आहे. दहा आज्ञांपैकी पाचवी आईबापांचा मान राखण्याविषयी आहे, आणि पौलाने तीमथ्यास लिहिताना घरच्यांकडे पाठ फिरविणाऱ्यास फार कठोर शब्द लाविले आहेत. आमच्या शेजाऱ्यांतही पुंडलिकाची कथा घरोघर ठाऊक आहे; देव दारी येऊन उभा राहिला असताही आईबापांची सेवा सोडून तो उठला नाही. श्रावणाने आपल्या आंधळ्या आईबापांस कावडीत बसवून खांद्यावर वाहिले. लहानपणापासून ज्यांच्या कानी या कथा पडल्या आहेत, त्यांच्या दृष्टीने म्हाताऱ्यास परक्या दारी ठेवून येणारा मुलगा उतरतो यात नवल नाही. या लोकलज्जेस आम्ही हलके मानीत नाही. तिच्या धाकाने आजवर पुष्कळ म्हाताऱ्यांच्या ताटात भाकर पडली आहे.

परंतु श्रावणाची कथा शेवटपर्यंत आठवावी. तो पाणी आणावयास गेला, राजा दशरथाचा बाण अंधारात चुकून त्यास लागला, आणि तो मरण पावला. मग त्या दोघा आंधळ्यांचे काय झाले? तीही तेथेच प्राणास मुकली. त्या कावडीस दुसरा खांदा नव्हता. कथा सांगणारे श्रावणाची भक्ती वर्णन करितात ते योग्यच आहे. पण ज्या म्हाताऱ्यांचा सगळा भार एकाच माणसावर आहे ते किती थोडक्या आधारावर जगतात, हेही त्याच कथेत आहे.

आता आमच्या घरांत हा एकटा खांदा कोणाचा असतो ते पाहावे. नाव मुलाचे असते. भार बहुधा सुनेवर असतो. पहाटे ओले अंथरूण काढावयाचे, पडून पडून पाठीस जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावयाची, घास भरवावयाचे, रात्री तीनदा उठावयाचे, आणि दिवस उजाडला म्हणजे निंदणीस वावरात जावयाचे. मुलगा मंडळीत सांगतो की, आम्ही आईस घरीच ठेविले आहे. हे वाक्य किती खरे आहे ते त्याच्या बायकोस विचारावे. जी सेवा आपण स्वतः करीत नाही तिचे पुण्य आपल्या नावे मांडणे हा प्रामाणिकपणा नव्हे. शिवाय थकलेले हात कालांतराने कठोर होतात. बंद दाराआड वृद्धांस जे शब्द ऐकावे लागतात, आणि कधी कधी जे फटके सोसावे लागतात, ते बाहेर कळत नाहीत. म्हातारे माणूस उंबऱ्याच्या आत असते खरे. पण त्याची बाज गोठ्याच्या कडेला, त्याचे ताट सर्वांच्या शेवटी, आणि दिवसभर त्याच्याशी बोलणारे कोणी नाही. असे माणूस घरात असूनही टाकलेलेच होय. म्हणून घरी ठेवणे म्हणजे मान राखणे, हे समीकरण आम्हांस सर्वदा मान्य नाही.

दुसरे मत याच्या उलट आहे. ते म्हणते, काळ बदलला. चांगला आश्रम पाहावा, दरमहा पैसे भरावे, आणि मन स्वस्थ ठेवावे. या मतातील धोका मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात दाखविला आहे. त्या काळी एखादा मुलगा आपली मिळकत ‘कुर्बान’, म्हणजे देवास अर्पण केलेली, असे जाहीर करी. मग त्यातून आईबापांस काही देण्याचे बंधन त्याजवर उरत नाही असे परूशी व शास्त्री समजत. प्रभूने या युक्तीचा कडक निषेध केला. पैसा वाईट कामी गेला असे तेथे नव्हते. तो पवित्र स्थानी गेला होता. दोष असा की, एका ठिकाणी दिलेल्या पैशाने दुसऱ्या ठिकाणचे कर्तव्य फेडल्याचे मानिले. आजची कुर्बान आश्रमाच्या कार्यालयातून मिळणारी पावती होय. ती हाती असली म्हणजे मुलगा स्वतःस म्हणतो, माझे काम झाले. पैसे भरणे चांगले. पण त्या पावतीने मुलाचे नाते फिटत नाही.

तेव्हा दोन्ही मतांचा विचार करून आमचे म्हणणे आम्ही थोडक्यात असे मांडतो: सेवेचे श्रम दुसऱ्यास देता येतात; पुत्रपण देता येत नाही. आंघोळ घालणे, औषध वेळेवर देणे, मलमूत्र काढणे, जखम धुणे ही कामे शिकलेले परके हात कधी कधी आपल्याहून चांगली करितात, आणि ती त्यांजकडून करविण्यात पाप नाही. परंतु वरचेवर भेटणे, तिची खबर ठेवणे, तिच्यावर अन्याय झाला तर तिच्या बाजूने बोलणे, आणि अंतकाळी तिच्याजवळ असणे, ही चार कामे कोणत्याही आश्रमास विकत देता येत नाहीत. ज्याने ही चार कामे आपल्याजवळ ठेविली त्याने आईस सोपविले. ज्याने तीही सोडली त्याने तिला टाकिले. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. त्यांच्यातील अंतर मात्र फार मोठे आहे.

सोपविण्याचा सर्वांत मोठा दाखला वधस्तंभाजवळ सापडतो. प्रभूने मरणसमयी आपल्या आईस आपल्या प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले. तो तिच्या पोटचा मुलगा नव्हता. म्हणून परक्या हाती सोपविणे हेच मुळात अधर्म होय असे कोणा ख्रिस्ती मनुष्यास म्हणता येणार नाही. परंतु ते कसे घडले हेही पाहावे. प्रभू त्या वेळी स्वतः काहीच करू शकत नव्हता. तरी तिची व्यवस्था त्याने दुसऱ्या कोणावर न टाकता आपणच केली. ज्याच्या हाती दिले तो वर्षानुवर्षांचा ओळखीचा होता. बोलणे आईस न कळविता झाले नाही. तो दोघांशीही बोलला, आणि दोघांनीही ऐकले. आणि त्या शिष्याने तिला आपल्या घरी नेले, म्हणजे तिला केवळ जागा मिळाली नाही, माणसे मिळाली. आपले माणूस जो कोणी दुसऱ्याच्या हाती देऊ इच्छितो त्याने आपले कृत्य या चार गोष्टींशी ताडून पाहावे.

येथे आम्ही मघाच्या मुद्द्याकडे परत येतो. ज्याला जावयाचे आहे त्यास विचारले काय? डोळे तपासावयास नेतो, देवाच्या ठिकाणी नेतो, चार दिवस पाहुणचारास नेतो, असे सांगून म्हाताऱ्यास आश्रमात नेऊन ठेवल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. आमच्या मते या सर्व प्रकरणात याहून मोठे पाप दुसरे नाही. म्हाताऱ्याचे घर जाते ते जातेच. शिवाय ज्या मुलाच्या शब्दावर त्याने आयुष्यभर विश्वास ठेविला तो शब्दही जातो. खरे सांगितल्यास म्हातारी रडेल, भांडेल, कदाचित नाही म्हणेल. ते सर्व ऐकून घेणे हाही तिचा मान राखणेच होय. तिला आधी एकदा तेथे नेऊन दाखवावे, एक-दोन आठवडे राहू द्यावे, आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. जिची स्मृती गेली आहे तिलाही खरेच सांगावे. ती विसरेल, पण सांगणारा विसरणार नाही, आणि घरात खोटे बोलण्याची सवय लागणार नाही.

येथे कित्येक जण एक अवघड शंका काढतील. ज्या बापाने दारू पिऊन आईस मारले, मुलांस उपाशी ठेविले, वीस वर्षे घराकडे ढुंकून पाहिले नाही, तो म्हातारपणी दारी आला तर त्याचे काय देणे लागते? अशा मुलास प्रेमाचे सोंग करण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. मनात नसलेला जिव्हाळा आज्ञेने उत्पन्न होत नाही, आणि आईस पुन्हा त्या माणसाच्या सेवेस जुंपणे हा तर दुसरा अन्याय होईल. पण त्याचे अन्न, औषध व निवारा तुटू न देणे एवढे मुलाकडे राहतेच. कारण त्याने बापपण सोडले म्हणून आपण माणुसकी सोडावी असे होत नाही. अशा ठिकाणी चांगला आश्रम हा उत्तम मार्ग असू शकतो. क्षमा आली तर ती पुढे येईल. भाकर मात्र आजच पोहोचली पाहिजे.

तथापि आश्रमाचा विचार शेवटी करावा, आरंभी नव्हे. आधी भावाबहिणींनी एकत्र बसून भार वाटून घ्यावा. ज्याला वेळ आहे त्याने वेळ द्यावा. जो दूर नोकरीस आहे त्याने नियमाने पैसा पाठवावा, आणि वर्षातून काही आठवडे स्वतः येऊन सेवा करावी, म्हणजे सुनेस माहेरी जाऊन विसावता येईल. गावातील एखाद्या गरजू बाईस रोजाने ठेविल्यास दोन घरांचे काम होते. पासष्ट वर्षे पुरी झालेल्या निराधार गरिबांकरिता राज्य सरकारची योजना आहे. तिला श्रावणाचेच नाव दिले असून ती श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना म्हणून ओळखिली जाते. २०२३ साली तिची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली. ही रक्कम थोडी आहे. पण औषधाचा काही भाग तीतून निघतो. तहसील कार्यालयात अर्ज करून ती मिळवावी. आईबापांस मान देण्याविषयी प्रसिद्ध असलेल्या जपान देशानेही २००० साली कायदा अमलात आणून चाळीस वर्षांवरील सर्वांकडून वर्गणी घेण्याची व वृद्धांच्या सेवेचा भार साऱ्या देशात वाटण्याची रीत घातली. मुलांचे प्रेम आटले म्हणून हे झाले नाही. एकट्या सुनेच्या खांद्यावर हा भार पेलत नाही हे तेथील लोकांनी ओळखिले.

एवढे करूनही घरी ठेवणे अशक्य झाले, तर आश्रम कसा पाहावा? याविषयी काही गोष्टी सांगणे आम्हांस आवश्यक वाटते. कारण आमचे साधे लोक इमारत व बाग पाहून भुलतात. पहिल्या भेटीची वेळ कळवून जावे. दुसऱ्या भेटीस न कळविता, दुपारी किंवा तिन्हीसांजेस जावे. कार्यालयात बसून राहू नये. जे अंथरुणावर पडून आहेत त्यांची खोली दाखवा म्हणावे. तेथे दुर्गंधी येते काय, पाण्याचा पेला त्यांच्या हाताशी आहे काय, पाठीवर जखमा आहेत काय, नखे कापलेली आहेत काय, हे पाहावे. सेवक त्यांस ‘आजी’, ‘बाबा’ म्हणतात की अरेतुरे करितात हे कानांनी ऐकावे. रात्री किती माणसांमागे किती सेवक जागे असतात, आणि डॉक्टर किती दूर आहे, हे विचारावे. पुष्कळ आश्रम चालत्या-फिरत्या माणसासच घेतात, आणि ते अंथरुणास खिळले म्हणजे परत न्या म्हणतात. म्हणून ही गोष्ट प्रवेशापूर्वीच लेखी विचारून घ्यावी. अनामत रक्कम परत मिळते की नाही, भेटीच्या वेळा कोणत्या, फोनवर बोलता येते काय, हेही लिहून घ्यावे. मरण आले तर कोणास कळवितात व प्रेत कोणाच्या स्वाधीन करितात हे विचारण्यास संकोच करू नये. आपल्या माणसाची मूठमाती आपल्या मंडळीच्या हातून व्हावी असे ज्यांस वाटते त्यांनी तर हे अवश्य विचारावे.

दूरच्या शहरातील थोर आश्रमापेक्षा जवळचा साधा आश्रम पुष्कळ वेळा बरा. ज्या म्हातारीने जन्मभर वऱ्हाडी बोली बोलली आणि ज्वारीची भाकर खाल्ली, तिला परक्या शहरी नेल्यावर तिची थट्टा कोणास कळत नाही आणि तिचे दुखणेही कोणास कळत नाही. जेथे एस.टी.च्या गाडीने जाऊन सायंकाळी परत येता येते तेथे माणसे भेटीस जातात. जेथे रात्रीचा प्रवास लागतो तेथे, कितीही शपथा वाहिल्या तरी, भेटी विरळ होतात. प्रार्थनेस मोकळीक आहे काय, आपला पाळक किंवा उपदेशक येऊ शकतो काय, हेही पाहावे. ज्यांजवळ पैसा नाही त्यांनी बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या वृद्धाश्रमांची योजना १९६३ सालापासून आहे. तीत पुरुषांस साठाव्या व स्त्रियांस पंचावन्नाव्या वर्षापासून विनामूल्य प्रवेशाची सोय ठेविली आहे. पुढे १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना निघाली.

पुष्कळ जणांनी मिळून वृद्धांची सेवा करण्याची रीत आमच्या मंडळीस नवी नाही, आणि तीत होणारे दोषही नवे नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे की, यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीत विधवांस रोज अन्न वाटीत असत, आणि त्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष झाले. म्हणजे प्रेषितांच्या डोळ्यांदेखत, पवित्र आत्म्याने भरलेल्या मंडळीतही, जिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते ती म्हातारी मागे राहिली. मग त्यांनी काय केले? वाटप बंद केले नाही, आणि तक्रार करणाऱ्यांस गप्पही बसविले नाही. नाव घेण्याजोग्या सात भरवशाच्या माणसांस त्या कामावर नेमिले. प्रत्येक आश्रमास हा धडा लागू आहे. ज्याचे कोणी येत नाही त्याचे ताट शेवटी वाढले जाते. म्हणून भेटीस जाणारा मुलगा केवळ आईस भेटत नाही. हिच्यामागे माणूस आहे, एवढे तो साऱ्या आश्रमास कळवितो.

कायद्याविषयीही थोडे सांगणे अवश्य आहे. २००७ सालच्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियमान्वये मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागण्याचा आईबापांस हक्क आहे. उपविभागीय अधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नाही असा अधिकारी त्या अर्जाचा निवाडा करितो. अर्जदार स्वतः जाण्यास असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेला दुसरा मनुष्य किंवा संस्थाही अर्ज करू शकते. म्हणून हे काम उपदेशकासही करिता येईल. वृद्ध माणसास कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून येणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आम्ही वर सोपविणे व टाकणे यांत जो भेद केला, तो कायद्यानेही हेतू पाहून केला आहे, हे ध्यानात घ्यावे. सातबारा मुलांच्या नावे करून देण्याची घाई करणाऱ्या आईबापांस आमची विनंती आहे की, बक्षीसपत्र करावयाचेच असेल तर त्यात सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत लिहवून घ्यावी. ती मोडल्यास तो लेख रद्द करून मागण्याची वाट त्याच कायद्याने ठेविली आहे. मार्गदर्शन हवे असल्यास वृद्धांकरिता १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आता मंडळ्यांस व उपदेशकांस दोन शब्द. जो आपल्या आईस आश्रमात ठेवितो त्याच्याविषयी कुजबुज करणे सोपे आहे. पण ज्यांनी एक रात्रही त्या म्हातारीच्या बाजेपाशी काढिली नाही त्यांनी ते करू नये. त्याऐवजी मंडळीने सेवा करणाऱ्या घराकडे पाहावे. आठवड्यातून एक दुपार दोन बहिणींनी जाऊन बसावे, म्हणजे त्या सुनेस झोप मिळेल. कावडीस दुसरा खांदा देणे म्हणजे हेच. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्तिसदनात अनाथ मुलींबरोबरच वृद्ध व पंगू स्त्रियांसही आसरा मिळाला, आणि त्यांच्याकरिता प्रीतिसदन नावाचे निराळे घर झाले, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. ज्यांस मुलेच नाहीत त्यांना कोणाच्या पुत्रपणाचा आधार? त्यांचा भार सर्व मंडळीवर आहे. उपदेशकांनी आपल्या टापूतील आश्रमांत असलेल्या वृद्धांची यादी ठेवावी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, आणि महिन्यातून एकदा तेथे जावे. भाषण करावयास जाऊ नये. बसावे आणि ऐकावे.

वृद्ध आईबापांसही आमची नम्र विनंती आहे. मला घरातून हलवणार नाही अशी शपथ मुलांकडून घेऊ नका. पुढे काय दुखणे येईल हे तुम्हांसही ठाऊक नाही, आणि न पाळता येणारी शपथ मुलांच्या गळ्यात धोंड्यासारखी बांधली जाते. त्यापेक्षा हातपाय चालत आहेत तोवर मुलांस जवळ बसवून आपली इच्छा सांगा: कोणाजवळ राहावयास आवडेल, कोणाच्या हातचे खावयास आवडेल, आणि घरी राहणे न जमल्यास कोठे जाण्यास मन घेईल. जे आपल्या तोंडाने सांगितले ते दुसऱ्यास ठरवावे लागत नाही.

प्रिय वाचकहो, घरी ठेवावे की आश्रमात, याचे एकच उत्तर सर्व घरांस लागू पडणारे नाही, आणि ते देण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. पण प्रत्येक घराने स्वतःस विचारावयाचा प्रश्न एकच आहे: आमच्या म्हाताऱ्या माणसास आज रात्री तहान लागली तर पाणी कोण देईल, आणि ते त्यास मिळाले की नाही हे आम्हांस उद्या कळेल काय? ज्या घरास या दोन्ही गोष्टींचे खरे उत्तर देता येते, त्या घराने शेजाऱ्यांच्या बोलण्याची भीती बाळगू नये. ज्यास देता येत नाही, त्याने आपले म्हातारे माणूस घरात असो की आश्रमात, आजच उठून त्याची चौकशी करावी.